सातपुड्याची सहल कोणाच्या भरवशावर?

दरवर्षी पहिला दमदार पाऊस झाला की नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळच्या धुक्याचे आणि सीताखाईत कोसळणाऱ्या पाण्याचे व्हिडिओ फिरू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग खान्देशात तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, तोरणमाळचं महाबळेश्वर करा, रस्ते रुंद करा, हॉटेलं आणा, रोपवे आणा. दुसरी म्हणते, डोंगर आहे तसा राहू द्या, बाहेरच्यांना वर येऊच देऊ नका. दोन्हीकडे तळमळीची माणसं आहेत. पण दोघांच्या बोलण्यात डोंगरात राहणारा माणूस येतो तो एक तर 'ज्याला रोजगार मिळेल' असा, नाही तर 'ज्याची संस्कृती जपायची' असा. शुक्रवारी रात्री नाशिक, पुणे किंवा सुरतहून निघालेली गाडी शनिवारी सकाळी घाटात शिरते, तेव्हा तिच्यातल्या माणसांचं पाणी, वाट, मुक्काम, आजारपण आणि परतीचा रस्ता कोणाच्या भरवशावर असतो, हे मात्र कोणीच विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सातपुड्यासारख्या दुर्गम रांगेत जाण्याचा बेत ही जाणाऱ्याची खासगी बाब नाही. शहरात बेत फसला तर त्याची झळ फसलेल्यालाच लागते. धडगाव-मोलगीच्या पट्ट्यात बेत फसला की तो निस्तरायला पाड्यावरची चार माणसं हातातलं काम टाकून धावतात, आणि त्या तालुक्यासाठी असलेली रुग्णवाहिका दोन-तीन तास अडकून पडते. म्हणून अशा सहलीची आखणी गावाच्या वर्षभराच्या कामाच्या वेळापत्रकापासून आणि गावाला किती माणसं झेपतात इथपासून सुरू झाली पाहिजे. आणि त्यासाठी लागणारी माहिती पुरवणं हे प्रशासनाचं आणि ग्रामसभेचं सार्वजनिक काम मानलं पाहिजे. हॉटेल बांधायचं की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

आधी डोंगराकडे नीट पाहू. नर्मदा आणि तापी यांच्या मधली ही रांग खान्देशच्या बाजूला पश्चिमेकडे अक्कलकुव्यापासून पूर्वेकडे रावेरपर्यंत पसरली आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. यावल-रावेरच्या बाजूला पाल किंवा मनुदेवीला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं, कारण केळीच्या बागांचा सपाट मुलूख आणि मोठा रस्ता तिथून जवळ आहे. अक्राणी (मुख्य गाव धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांचं तसं नाही. तिथे घाट चढून गेल्यावर डोंगर संपत नाही, सुरू होतो. एका रांगेमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, अशा वळ्या थेट नर्मदेच्या पाण्यापर्यंत उतरत जातात. अस्तंभ्याचं शिखर 1325 मीटर उंच, तोरणमाळचं पठार साधारण 1150 मीटरवर. नकाशावर गावाचा एक ठिपका असतो, प्रत्यक्षात ते गाव पाच-सात पाड्यांत विखुरलेलं असतं, आणि एका पाड्यावरून समोर दिसणाऱ्या पाड्यावर जायचं तर दरी उतरून पुन्हा चढावी लागते. पालला जायच्या तयारीने निघालेला माणूस इथे पहिल्याच दुपारी अडकतो. 'सातपुडा पर्यटन' असा एकच शब्द वापरून दोन्ही भागांवर एकत्र बोलणाऱ्यांच्या मुद्द्यांत इथूनच गफलत सुरू होते.

धडगावला चढण्याचे मुख्य रस्ते तीन: शहाद्याहून म्हसावदमार्गे, तळोद्याहून कोठारमार्गे चांदसैली घाटातून आणि अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीमार्गे. यातल्या प्रत्येक घाटाने पावसाळ्यात दरडी पाहिल्या आहेत. सप्टेंबर 2021 मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता, आणि आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघालेल्या एका माणसाच्या खांद्यावरच तिचा जीव गेला. बातमी राज्यभर गाजली. त्या आठवड्यात सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, पुढच्या पावसाळ्यात त्याच घाटात धबधब्यापाशी गाड्या उभ्या करून फोटो काढणं पुन्हा सुरू झालं. पर्यटकाला जो रस्ता 'नजारा' वाटतो तोच इथल्या बाळंतिणीचा आणि सर्पदंश झालेल्या पोराचा दवाखान्याचा रस्ता आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो एकच आहे. वळणावर आडवी लावलेली एक गाडी तिथे नुसती गैरसोय करत नाही.

मग ऑगस्टमध्ये जाऊच नये का? तोरणमाळपर्यंत, दिवसाउजेडी, घाट चालू असल्याची त्याच सकाळी खात्री करून जायला हरकत नाही. त्यापलीकडे धडगाव-मोलगीच्या आतल्या भागात, नदीकाठच्या गावांकडे जून ते सप्टेंबर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओढ्यावरचा फरशी पूल डोळ्यांदेखत अर्ध्या तासात पाण्याखाली जातो, कारण पाऊस वरच्या डोंगरात पडलेला असतो आणि खाली ऊन असतं. थांबलं तर पाणी काही तासांत उतरतं. पण परतायची घाई झालेला माणूस थांबत नाही, गुडघाभर पाण्यात गाडी घालतो आणि वाहून जातो.

चालवण्याचंही तंत्र आहे, आणि ते ठाऊक नसलेले चालक घाटात इतरांना धोक्यात घालतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये सतत ब्रेक दाबत उतरलं की ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो, ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल पोकळ जातं. वास आला की गाडी रुंद जागी घेऊन वीस-पंचवीस मिनिटं थांबावं, तापलेल्या चाकावर पाणी मारू नये. बिनगिअरच्या स्कूटरला उतारावर इंजिनचा आधार फारसा मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. दोन माणसं आणि दोन सॅक घेऊन ती तोरणमाळच्या सात पायऱ्यांच्या घाटात नेणं हा आगाऊपणा आहे. शहाद्याहून तोरणमाळ 50-55 किलोमीटर, म्हणून मोबाईल सव्वा तास सांगतो. धुकं, गुरं, समोरून येणारी एसटी आणि माणसांनी भरलेल्या जीपा धरून दोन तास धरावेत. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हणजे वर पोहोचायचं असो की खाली उतरायचं, चार वाजता घाटाच्या तोंडाशी असलंच पाहिजे. टाकी शहाद्यात किंवा तळोद्यात भरून घ्यावी, रोख पैसे सोबत ठेवावेत, कारण नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत. सीमेवरच्या गावांत कुठे गुजरातचा टॉवर लागतो, कुठे मध्य प्रदेशचा, कुठे काहीच नाही.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो असा: एवढ्या अटी घालणारे तुम्ही सपाटीवर राहता, डोंगरातल्या तरुणाला काम नाही. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्यातली कुटुंबंच्या कुटुंबं पोरंबाळं घेऊन ऊसतोडीला आणि बांधकामांवर गुजरातेत, पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि होळीला परततात. शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेलं पोर उसाच्या फडात असतं. पर्यटक आले तर यातली काही घरं तरी उघडी राहतील की नाही? हे खरं आहे. नुसतं खरं नाही, स्थलांतराचं दुखणं या भागात इतकं खोल आहे की ते थोडंही कमी करणाऱ्या कुठल्याही उपायाला सहज नाही म्हणू नये.

पण पैसा येतो आणि पैसा पोहोचतो यात अंतर आहे. बारा जणांचा एक गट धरा. डिझेल शहाद्यात भरलेलं. किराणा शहरातून डब्यांत भरून आणलेला. तंबू भाड्याने, तेही शहरातल्या आयोजकाचे. माणशी शुल्क त्या आयोजकाच्या खात्यात आगाऊ जमा. गावात काय घेतलं? हातपंपाचं पाणी, शेकोटीला लाकूड आणि वाट विचारायला एक पोरगा, ज्याला निघताना शंभराची नोट दिली. गावात काय ठेवलं? दोन पोती प्लास्टिक, जे उचलायला तिथे घंटागाडी येत नाही. अशा शंभर सहली झाल्या तरी ऊसतोडीला जाणारं एकही कुटुंब थांबणार नाही. तेच बारा जण दोन घरांत वाटून राहिले, भाकरी-उडदाची दाळ आणि भगर तिथेच जेवले, दोन वाटाडे ठरलेल्या रोजाने घेतले आणि निघताना आमचूर, चारोळी, भगर योग्य भावाने विकत घेतली, तर दोन दिवसांत चार-पाच घरांच्या हातात रोख रक्कम येते. रोजगाराचा मुद्दा मांडणाऱ्यांना म्हणूनच विचारायला हवं की तुम्ही यातल्या कोणत्या सहलीची बाजू घेता आहात? पहिल्या प्रकारच्या सहलीसाठी दुसऱ्या प्रकारच्या सहलीचा युक्तिवाद वापरणं थांबलं पाहिजे.

आणि इथेच वेळापत्रकाची गाठ आहे. फिरायला सर्वांत चांगला काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. पाऊस संपलेला, झऱ्यांना पाणी, हवा स्वच्छ. थंडी मात्र कडक. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब-वालंबा भागात पहाटे दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेव्हा साध्या चादरीवर भागत नाही. पण नेमक्या याच काळात निम्म्या घरांना कुलूप असतं. वाट ठाऊक असलेला, ओझं उचलणारा, घर चालवणारा माणूस बाहेरगावी असतो आणि मागे म्हातारी माणसं उरलेली असतात. त्यांच्या दारात रात्री आठला बारा माणसं न सांगता येऊन उभी राहतात, तेव्हा ती माणसं 'नाही' म्हणत नाहीत, चूल पेटवतात. याला आदरातिथ्य म्हणून आपण कौतुक करतो. त्या घरात त्या आठवड्याचं किती धान्य उरलं, हे कोण विचारतं? दिवाळीआधी, माणसं गावात असतानाच, पुढच्या तीन महिन्यांतल्या मुक्कामांचं बोलणं झालं, थोडी आगाऊ रक्कम दिली गेली, तर एखादा घरधनी ऊसतोडीच्या मुकादमाची उचल न घेता थांबण्याचा विचार करू शकतो. मुक्काम आगाऊ ठरवण्याचा खरा उपयोग हा आहे, आणि 'आम्हाला ठरवून जायला आवडत नाही' म्हणणाऱ्यांनी त्याची किंमत समजून घ्यावी.

एप्रिल-मेचं उदाहरण याहून बोलकं आहे. सुट्ट्या म्हणून शहरातून गर्दी वर जाते. त्या वेळी अक्राणीत आमचूरचा हंगाम असतो. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, कापून चकत्या करायच्या आणि खडकावर, अंगणात, कुठे रस्त्याच्या कडेलाही पसरून वाळवायच्या. घरातली लहानथोर सगळी माणसं त्यात गुंतलेली असतात. चकती पांढरीशुभ्र वाळली तर भाव, वळवाचा एक शिडकावा बसला की ती काळी पडते आणि भाव कोसळतो. त्यामुळे आभाळ भरून आलं की पळापळ असते. गाडीच्या चाकाखाली आलेल्या किंवा धुळीने माखलेल्या चकत्यांचं नुकसान गाडीवाल्याच्या लक्षातही येत नाही. शिवाय मार्चनंतर झरे आटतात, पाड्यांवर बायका उतार उतरून दरीतल्या खोदलेल्या डबक्यातून वाटीने पाणी भरतात. तिथे आंघोळीची बादली मागणं म्हणजे कोणाच्या तरी दोन फेऱ्या मागणं. एप्रिल-मे गावात मुक्कामाचे महिने नाहीत. तोरणमाळला तलाव आहे, राहायची सोय आहे, तिथे खुशाल जावं.

होळीचा काळ हा सगळ्यात नाजूक. होळीआधीच्या आठवड्यातले भोंगऱ्या बाजार आणि काठी गावची राजवाडी होळी पाहायला बाहेरून लोक येतात. घुंगरू, मोरपिसांचे टोप, ढोल, रात्रभर नाच, पहाटे पेटणारी होळी. जावं, जरूर जावं. पण भोंगऱ्या म्हणजे मुलामुलींनी पळून जायचा बाजार, ही बाहेरच्यांनी रंगवलेली कथा घेऊन जाऊ नये. तो सणाआधीचा खरेदीचा बाजार आहे आणि या कथेचा तिथल्या शिकलेल्या पिढीला मनस्वी राग आहे. न विचारता मुलींच्या तोंडासमोर कॅमेरा धरणाऱ्याला कोणी हटकलं तर 'आदिवासी आता पूर्वीसारखे साधे राहिले नाहीत' अशी तक्रार ऐकू येते. आपल्या लग्नात अनोळखी माणूस घुसून आपल्या बहिणीचे फोटो काढू लागला तर आपण साधे राहू का?

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जास्त विचार करायला लावतो. तो असा की, अस्तंभ्याची यात्रा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दिवाळीत खान्देशातून, गुजरातेतून, मध्य प्रदेशातून हजारो माणसं अश्वत्थाम्याच्या दर्शनाला डोंगर चढतात. त्यांनी कोणाची परवानगी घेतली, कुठलं नियोजन केलं? डोंगर सगळ्यांचा आहे, मग आम्हालाच नियम का?

यात्रेकडे नीट पाहिलं तर उत्तर तिच्यातच आहे. या डोंगरातली सगळ्यात काटेकोर आखलेली सफर म्हणजे ही यात्रा. दिवस ठरलेले, आणि तेही पाऊस सरल्यानंतरचे, झरे वाहते असतानाचे. वाट ठरलेली: कोठार, असली, जुना अस्तंभा. विसाव्याच्या जागा ठरलेल्या. माणसं एकेकटी जात नाहीत, गावचा जथा निघतो, आणि त्यात आधी जाऊन आलेला माणूस असतोच. शिदोरी स्वतःची. वाटेवरच्या गावांना ते दिवस ठाऊक असतात, त्यामुळे तिथे दुकानं लागतात, पाणी भरून ठेवलेलं असतं. हे नियोजन कागदावर नाही म्हणून ते नाही असं कसं म्हणता येईल? रूढीने शेकडो वर्षांत जे बसवलं ते नव्या पर्यटकाकडे नाही, म्हणून त्याला ते जाणीवपूर्वक करावं लागेल. आणि यात्रेतही जे मोडतं ते जुन्या शिस्तीबाहेरचं. ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंभ्याहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि भाविकांचे बळी गेले. पायवाटेची शिस्त पिढ्यांनी घडवली आहे. थकलेली, जागरण झालेली माणसं मालवाहू गाडीत उभी भरून घाट उतरण्याची शिस्त कोणीच घडवलेली नाही.

'डोंगर सगळ्यांचा' हे वाक्य खान्देशात जरा जपून उच्चारावं, कारण त्याला इतिहास आहे. 1818 मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला. तोवर डोंगरातल्या वाटा राखण्याचं काम भिल्ल नाईकांकडे होतं आणि त्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले होते. ते हक्क डावलले गेले, आणि पुढची काही वर्षं सातपुड्याने इंग्रजी फौजांना स्वस्थता लाभू दिली नाही. वाटा बंदुकीने राखता येत नाहीत हे कळल्यावर 1825 मध्ये जेम्स आउट्रामच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारावी लागली. सेंधवा घाटाचंही तेच. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या त्या घाटाची राखण एके काळी खाज्या नाईकांकडे होती. 1857 मध्ये तेच सरकारविरुद्ध उठले, आणि 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीची लढाई झाली, जिच्यात भिल्लांनी आणि त्यांच्या बायकांनीही मोठी किंमत मोजली. वाट ज्याने राखली त्याला बाजूला सारून वाटेवर हक्क सांगणं हा प्रकार तेव्हाही अंगाशी आला. आज पलटण नाही, बंड नाही. पण स्थानिक वाटाड्याला टाळून मोबाईलमधल्या रेघेवर विसंबणारा गट आणि ग्रामसभेला न विचारता 'पॉइंट' जाहीर करणारं खातं, दोघंही त्याच चुकीच्या बाजूला उभे आहेत. मोबाईलमधली रेघ कोणीतरी हिवाळ्यात चाललेली असते, पावसानंतर त्या वाटेवर पुरुषभर गवत असतं.

वाटाड्याचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. सपाटीवर तासाला चार किलोमीटर चालणारा माणूस सॅक घेऊन डोंगरात तीनच चालतो, आणि दर 300 मीटर चढाला अर्धा ते पाऊण तास वेगळा धरावा लागतो. म्हणजे दहा किलोमीटर आणि 600 मीटर चढ हे साडेचार-पाच तासांचं काम, विसावे वेगळे. माणशी दिवसाला चार लिटर पाणी लागतं, एवढं पाठीवर वाहता येत नाही, म्हणून वाटेत पाणी कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस हवाच. सहा-आठ जणांमागे एक वाटाड्या, त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवून, पैसे थेट त्याच्या हातात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही या भागात आढळतात. दंश झाला तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नये. दंशाचा अवयव फळीला बांधून हलू न देता माणसाला उचलून न्यावं. सर्पदंशावरची लस कुठल्या दवाखान्यात आहे आणि तिथपर्यंत किती वेळ लागेल, हे निघण्यापूर्वी विचारलेलं असावं. 108 ला फोन लावायला ज्या टेकाडावर चढावं लागतं ते टेकाड वाटाड्याला ठाऊक असतं.

नर्मदेच्या पाण्याबद्दल तर एकच सांगतो. जानेवारी 2019 मध्ये, संक्रांतीच्या दिवशी, भूषण गावाजवळ क्षमतेहून जास्त माणसं भरलेली बोट उलटली आणि माणसं, लेकरं बुडाली. ती स्थानिक माणसं होती, नदीशी जन्माची ओळख असलेली. बॅकवॉटरवर सूर्यास्त पाहायला निघालेल्या गटाने लाइफ जॅकेट माणशी एक नसेल तर बोटीत पाय ठेवू नये. याला अपवाद नाही.

'डोंगराला हात लावू नका' म्हणणाऱ्यांशी माझा वाद वेगळा आहे. त्यांची भीती रास्त आहे. प्लास्टिक, दारू, जमिनींचे व्यवहार, गाण्याचे भोंगे, हे सगळं इतर थंड हवेच्या ठिकाणी झालेलं आपण पाहिलं आहे. पण अस्पर्शित सातपुडा ही कल्पना कुठून आली? सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा-अक्राणीतली 33 गावं बाधित झाली, मणिबेली हे त्यातलं पहिलं. जंगल ठेकेदारांनी तोडलं. शहरांच्या गरजेसाठी डोंगराने आधीच खूप दिलं आहे, आणि आता तिथल्या तरुणाने चार पैसे मिळवायची वेळ आली की आपण त्याला 'निसर्ग जपा' सांगायचं, हे न्यायाचं नाही. येऊ द्यायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क जळगाव-धुळ्यातल्या निसर्गप्रेमींना नाही. तो पाड्यांचा आहे. हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या आदिवासी भागांसाठीच्या पाचव्या अनुसूचीत येतात, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, वनहक्क कायदा 2006 चा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला आपलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आहे.

संख्येवर मर्यादा घातली की धंदा बसतो, असा शेवटचा आक्षेप उरतो. माथेरानमध्ये मोटारगाडी गावात जाऊ दिली जात नाही, म्हणून माथेरान ओस पडलं का? कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवून तिकीट दिलं जातं, आणि आजूबाजूच्या गावांच्या समित्या ते काम पाहतात. आणि आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने 1990 च्या दशकात स्वतःचे नियम करून, झाड तोडणाऱ्याला दंड लावून उजाड डोंगर हिरवा केला. आज तिथली वनभाजी स्पर्धा पाहायला लोक लांबून येतात. या कामात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती या कामासाठी. नियम गावाचा असला की पाहुणा तो पाळतो. खात्याने लावलेल्या फलकावर तो नाव कोरून जातो.

तेव्हा रोपवेच्या आराखड्याआधी पुढची कामं हवीत. कोठार, म्हसावद आणि अक्कलकुवा इथे घाटाच्या पायथ्याशी रोज सकाळी सात वाजता बदलला जाणारा फलक: घाट चालू की बंद, कुठे दरड, शेवटची गाडी कधी सोडणार. तीच माहिती एका दूरध्वनी क्रमांकावर. प्रत्येक इच्छुक ग्रामसभेची यादी: घरं किती, एका रात्री माणसं किती, कोणते महिने चालतील, कोणते नाही, वाटाड्याचा रोज किती. ज्या गावाला नको असेल त्याचं नाव यादीत नाही, आणि तिथे मुक्काम नाही. पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी घाटात रस्त्यावर गाडी उभी करायला पूर्ण बंदी आणि ती पाळली जाते का हे पाहायला स्थानिक तरुण, रोजंदारीवर. यावल अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, तशीच ग्रामसभेची पावती इथे लागावी. या सगळ्याला पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. गाडीमागे घाटाच्या तोंडाशी शंभर रुपये घ्यावेत, त्याचा हिशेब ग्रामसभेत दर महिन्याला वाचून दाखवावा आणि त्यातला पहिला खर्च रुग्णवाहिकेच्या डिझेलवर करावा.